दादाने निवडलेला ट्रॉम्बोन

प्रेम नगर, झाशी
१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

दादास नमस्कार.

तुझ्या नावाआधी काय लिहावं ते ठरेना, म्हणून तिथे काहीच लिहिलेलं नाही.

इकडे तसं सगळं ठीक आहे. थंडी पडायच्या आधीच आईचा गुडघा कुरकुरायला लागला आहे. नवरात्रात तिला लक्ष्मी तालाच्या काठी महालक्ष्मीच्या दर्शनाला नेलं होतं. रांगेत तिला उभं राहवेना, तेव्हा पुढच्या बायकांनी "अम्माजी को आगे जाने दो" म्हणून वाट करून दिली. चिरगाँवच्या सुबोधमामांनी बसमधून उडीद आणि शेंगदाणे पाठवलेत, त्यातले अर्धे तुमच्यासाठी म्हणून आईने वेगळे बांधून ठेवले आहेत. शेजारच्या चाची मला रोज अडवतात, "काय बिन्नू, भैया कबै आ रए?" मी म्हणते, दिवाली पे. आणखी काय सांगणार?

शाळेत माझ्या बँडच्या मुलींनी पंधरा ऑगस्टला चांगलं वाजवलं. बिगुलवाली मुलगी मध्येच रडकुंडीला आली होती, पण सावरली. नवे प्रिन्सिपलसाहेब आता बँडचं सामान सुट्टीत घरी नेऊ देत नाहीत. खोलीला कुलूप, किल्ली ऑफिसात. म्हणजे ज्या कारणासाठी मला स्वतःचा ट्रॉम्बोन हवा होता, ते कारण अजून तसंच आहे.

तर आता ट्रॉम्बोनबद्दलच लिहिते. फोनवर तू ऐकून घेतलं नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळा होशील. तू लडाखला होतास तेव्हा आपण कागदावरच बोलायचो, आणि खरं सांगायचं तर तेव्हाच सगळ्यात जास्त बोललो. शिवाय पत्र मधेच कापता येत नाही.

मार्चमधली गोष्ट. तू पेन्शन घेऊन घरी येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. दुपारभर गच्चीवर बसून असायचास. लग्नाच्या बँडवाल्यांनी बोलावलं तर गेला नाहीस. म्हणालास, "फौजेत वाजवून आलो, आता वरातीत नागिन वाजवू?" आम्ही सगळे हसलो होतो. मला तुझी काळजी वाटत होती आणि थोडा आनंदही होत होता, कारण इतक्या वर्षांनी तू घरी होतास आणि मला रोज शिकवत होतास. मी लहान असताना माझा हात ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीच्या, स्लाइडच्या, टोकापर्यंत पोहोचत नसे, तेव्हा तू बाबांच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा तिला बांधून दिला होतास. झाशीत मुलीने ट्रॉम्बोन वाजवणं म्हणजे काय, हे लोकांनी मला खूप ऐकवलं. तू कधीच ऐकवलं नाहीस. तुझ्यामुळेच मी हा बाजा धरला.

त्याच दिवसांत मी तुला फोनवर ती जाहिरात दाखवली. देहरादूनच्या वर डोंगरात मुलींची निवासी शाळा, ब्रास बँडसाठी शिक्षक पाहिजे, राहायला क्वार्टर, ट्रायलला आपला बाजा घेऊन यावं. मी विचारलं, "दादा, मला जमेल का?" तू म्हणालास, "मला पाठव ती, नीट वाचतो." मी पाठवली. खालच्या ओळीत लिहिलं होतं की स्टाफच्या मुलांचं शिक्षण मोफत. त्या ओळीशी माझा काही संबंध नव्हता, म्हणून मी ती वाचून सोडून दिली.

मग बाजा घ्यायला आपण मेरठला गेलो. दिल्लीला उतरून पुढे बस. बसमध्ये तू मला सांगत होतास की बाजा निवडताना डोळे मिटायचे, कारण चकाकी कानाला खोटं बोलायला लावते. मला ते इतकं आवडलं की मी दुसऱ्या दिवशी मुलींनाही सांगितलं.

दुकानाच्या मालकांनी, चाचांनी, दोन ट्रॉम्बोन बाहेर काढले. एक नवा कोरा, लॅकर केलेला, त्यात तोंड दिसत होतं. दुसरा जुना, कोणा फौजी बँडमधून विकायला आलेला, पितळ काळपटलेलं आणि पुढच्या घंटेसारख्या तोंडाच्या काठाला बारीकसा पोचा. चाचा म्हणाले, "बिटिया, दोनों बजा के देख लीजिए, कोई जल्दी नहीं." मी डोळे मिटून दोन्ही वाजवले. नव्याचा आवाज पुढच्या पुढे जात होता, भरत नव्हता, आणि स्लाइड लांब नेली की हाताला अडखळत होती. जुन्यावर मी खालचा सूर लावला आणि दुकानातली माणसं बोलायची थांबली. तुला आठवतं. रस्त्यावरचा रिक्षावालाही आत डोकावला होता.

मी म्हटलं, "दादा, हाच."

तू म्हणालास, "थांब. स्लाइड तपासू."

तू स्लाइड सुटी केलीस आणि उभी धरलीस. वरच्या दोन्ही तोंडांवर अंगठे दाबलेस. खालची नळी मी धरून होते. तू मला समजावलंस की नळ्या आतून धड असतील तर हवा कोंडते आणि खालची नळी जागच्या जागी लटकून राहते. झिजलेल्या असतील तर हवा शिरते आणि ती घसरते. मग म्हणालास, "सोड." मी सोडली. ती सरळ खाली आली, मी कशीबशी झेलली.

तू मान हलवलीस. "आतून गेलाय, जाई. वर्षभरात फुसफुसायला लागेल. नवा घे. स्लाइड वापरून वापरून मोकळी होईल."

चाचा काहीतरी बोलायला लागले तेव्हा तू त्यांना म्हणालास, "चाचा, सत्रह साल यही किया है." ते गप्प बसले. मीही बसले. माझा कान एक सांगत होता आणि तू दुसरं, तर मी तुझं ऐकलं. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही. तुझं ऐकायला तर मी तुला बरोबर नेलं होतं.

ट्रायलचं तुला माहीत आहे. निदान मी जेवढं सांगितलं तेवढं. स्लाइड मोकळी झाली नव्हती. रोज तेल घालून, पाणी फवारून मी ती महिनाभर चालवली होती, तरी लांबच्या जागी ती धरत होती, आणि संथ चालीच्या मधोमध ती अशी अडकली की सूर खालून वर ओढला गेला. समोर बसलेल्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी पुन्हा वाजवायला सांगितलं. पुन्हा तिथेच अडकलं. मी बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात काही मुली उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "मैम, आप आएँगी न?" एवढीशी होती. मी हसले फक्त.

जागा भरली असं त्यांनी कळवलं त्या दिवशी तू बाजारातून गरम इमरती आणलीस आणि म्हणालास, "नशीब त्यांचं फुटकं." मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं, हे मी आता पुन्हा पुन्हा आठवून पाहते. तुझा हात माझ्या डोक्यावर होता. तो तसाच होता, नेहमीसारखा. त्यावरून मला काहीच कळलं नाही.

जुलैत तू सांगितलंस की देहरादूनला एका कंपनीत सिक्युरिटीची नोकरी मिळाली, क्वार्टर आहे, नीरजावहिनी आणि निवूला घेऊन जाणार. तुमच्या बॅगा मी भरल्या. चकल्या केल्या, निवूच्या फ्रॉकना नावं शिवली. शाळेचा गणवेश तिथे गेल्यावर घेऊ म्हणून वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली. मला वाटलं, घर सोडून जायचं म्हणून ती उदास आहे. नंतर एकदा फोनवर निवू सांगायला लागली, "आत्या, आमच्या असेंब्लीत ना, बाबा..." आणि फोन तिच्या हातातून गेला. नेटवर्क गेलं, असं तू म्हणालास.

सप्टेंबरमध्ये मी ठरवलं की हा चकचकीत बाजा बदलून आणायचा. एकटीच मेरठला गेले. चाचांनी मला लगेच ओळखलं. माझ्या हातातली पेटी बघून गोंधळले.

"बिटिया, यह क्यों? वह वाला पसंद नहीं आया?"

मी विचारलं, कोणता.

"वही पुराना. भैया हफ्ते भर में आके ले गए थे न. बोले, बहन का दिल उसी पे था."

दादा, मी तुला खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात एकच विचार आला. दादाने तो माझ्यासाठी घेऊन ठेवला आहे. माझी ट्रायल फुकट गेली म्हणून त्याच्या मनाला लागलं असणार, त्याने स्लाइड दुरुस्त करून घेतली असणार आणि दिवाळीला मला देणार. चाचा म्हणत होते त्या "हफ्ते भर"चा हिशेबसुद्धा मला सुचला नाही. ट्रायल तर त्याच्या कितीतरी नंतर झाली होती. मी नवा बाजा न बदलताच परत निघाले. दोन दोन कशाला ठेवायचे? रेल्वेत खिडकीशी बसून मी सगळ्या वाटेने हसत होते. समोरच्या बाईंनी विचारलं, "मायके जा रही हो?" मी हो म्हटलं.

घरी येऊन आईला सांगितलं. म्हटलं, "आई, तुला माहीत होतं ना? मला न सांगता दादाने काय केलंय?"

आई गहू निवडत होती. तिचा हात थांबला. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "सांगितलं का त्याने तुला? मी तेव्हाच म्हटलं होतं, सांग तिला, तिच्यापासून असं लपवू नकोस. शिकवतो तर शिकवतो, चोरी थोडीच आहे."

मी विचारलं, "काय शिकवतो?"

मग तिच्या लक्षात आलं की आपण काय बोलून गेलो.

त्या दिवशी मला सगळं कळलं. तुझी ट्रायल माझ्यानंतर झाली, तू तो जुना बाजा नेला होतास, त्या मॅडमनी तिथल्या तिथे हो म्हटलं. वहिनीला माहीत होतं, आईला माहीत होतं. आमच्या एवढ्याशा निवूला आत्यापाशी बोलायचं नाही असं शिकवून ठेवलं होतं. घरात ज्याला माहीत नव्हतं ते माणूस मी एकटीच. आणि मी चकल्या तळत होते.

आई रडली. म्हणाली, "त्याला लेकरू आहे गं. तू काय, आज ना उद्या आपल्या घरी जाशील." मी म्हटलं, "आई, माझं घर कुठलं ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही." दोन दिवस आम्ही एकमेकींना नुसतं जेवायला वाढत होतो. मग तिचा गुडघा दुखायला लागला आणि मी तेल चोळायला बसले. तिच्यावर राग धरून राहता येत नाही, ते तुलाही माहीत आहे.

मग मी तुला फोन केला. काय बोललो ते इथे लिहिते, कारण तू वहिनीला वेगळं सांगितलं असशील.

तू म्हणालास, "जाई, निवूचं शिक्षण होतं. तसली शाळा आपल्याला जन्मात परवडली नसती."

मी म्हटलं, "मला म्हणाला असतास तर मी अर्जच केला नसता."

"नसता केलास. आणि मग जन्मभर मला ऐकवत बसली असतीस."

"कधी ऐकवलंय मी तुला?"

तू म्हणालास, "तुला पुढे सगळं आहे. मला हे एकच येतं, जाई."

मी म्हटलं, "मलाही हे एकच येतं, दादा. तूच शिकवलंस."

आणि तू फोन ठेवलास. त्या वेळी, तुला खरं वाटणार नाही, मी तुला अर्धं माफ केलं होतं. तुझी गच्चीवरची दुपार मला दिसत होती. माणूस घाबरतो, आपल्या मुलीसाठी दुसऱ्याच्या ताटातलं उचलतो, आणि मग सांगायची हिंमत होत नाही. असंच झालं असणार, असं मी स्वतःला समजावलं. मेरठला तू खरंच माझं भलं बघितलंस, बाजा आतून खराबच होता, आणि पुढे तुझ्या मनात आलं तेव्हा तू आहे तोच घेऊन दुरुस्त केलास, एवढं मला धरून ठेवायचं होतं. बाकी सगळं गेलं तरी चाललं असतं.

दसऱ्यानंतर मी पुन्हा मेरठला गेले. चाचांनी विचारलं, "भैया नहीं आए?" मी म्हटलं, नाही, आता मीच बघणार. मग सहज विचारलं, त्या जुन्याची स्लाइड भैयांनी इथेच नीट करून घेतली का?

ते म्हणाले, "नीट क्या करनी थी? उसमें तो कोई खराबी थी ही नहीं. दूसरी बार आए तो मेरे सामने जाँची, नीचे से मैंने पकड़ी थी. छोड़ी तो हिली तक नहीं. मैंने पूछा, भैया, उस दिन क्या हुआ था? हँस दिए."

चाचांनी माझ्यासमोर आणखी दोन ट्रॉम्बोन ठेवले. मी एकाची स्लाइड सुटी केली, उभी धरली, दोन्ही तोंडांवर अंगठे दाबले. चाचांनी खालून सोडली. लटकून राहिली. मी म्हटलं, पुन्हा. या वेळी मी उजवा अंगठा उचललासुद्धा नाही, नुसता किंचित सैल सोडला. नळी धाडकन खाली आली.

त्या दिवशी मी खाली वाकले होते, दादा. माझं सगळं लक्ष हातातल्या नळीकडे होतं. तुझे अंगठे माझ्या डोक्याच्या वर होते.

नोकरी घेतलीस ते मी समजू शकते. लपवलंस तेही कदाचित कधीतरी समजेल. पण तू मला खराब बाजा दिलास. तो अडकणार हे माहीत असून तू मला तो घेऊन त्या मॅडमपुढे उभं राहू दिलंस. महिनाभर गच्चीवर माझ्या शेजारी बसून "अजून तेल घाल" म्हणत राहिलास. मला नुसतं मागे ठेवून तुझं भागलं नाही. मला येतच नाही असं मला वाटायला हवं होतं, आणि तसं वाटलंही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी तेच धरून चालले होते. मुलींना शिकवतानासुद्धा माझा हात कचरत होता.

एकच विचारायचं आहे. घरून निघतानाच ठरवलं होतंस, की दुकानात तो सूर ऐकल्यावर ठरलं? मला दोन्हीतलं काय बरं वाटेल ते माहीत नाही. पण मला कळायला हवं.

मी ट्रॉम्बोन घेतला. चकचकीत तिथेच परत दिला. नवा म्हणजे तसा जुनाच आहे, वजनाला जड, दिसायला अगदी साधा. तू घेतलास त्याच्याइतका खालचा सूर त्याला नाही, हे मी मान्य करते. तसा दुसरा तिथे नव्हता. पण वरचे सूर मोकळे आहेत आणि स्लाइड पाण्यासारखी जाते. निवडायला मला संध्याकाळ झाली. चाचांनी मध्ये चहा मागवला, कोणी घाई केली नाही. ग्वाल्हेरला एका शाळेने बोलावलं आहे, दिवाळीनंतर ट्रायल आहे. काय होईल सांगता येत नाही. तिथे जाहिरात कोणती, शाळा कोणती, ते मी घरात कोणालाच सांगितलेलं नाही. असं लपवायची मला सवय नव्हती. तीही आता लागली.

अंगठ्याचं आईला माहीत नाही. तिला वाटतं, भावाबहिणीत नोकरीवरून रुसवा आहे, फराळापर्यंत निवळेल. ते तू सांगायचं आहेस. तू सांगितलं नाहीस तर मीही सांगणार नाही, कारण तिला या वयात ते कशाला. पण तू तिच्यासमोर बसशील तेव्हा मी समोर असेन.

भाऊबीजेला या. आई वाट बघते आहे, तिने अनारशांचं पीठ भिजवायला घेतलं आहे. वहिनीवर माझा राग नाही, तिला तसं सांग. तुमच्या अंथरुणाची सोय मी करून ठेवते. तुझा पाट मात्र मी मांडणार नाही. ताट आई हातात देईल आणि म्हणेल, "ओवाळ गं." मी तेव्हा शेजारी चाचींकडे गेलेली असेन. निमित्त काय सांगायचं ते तू ठरव, तुला ते जमतं.

आणि निवूला या सगळ्यात ओढू नकोस. तिच्याशी मला रोज बोलू दे, काय बोलायचं नाही ते तिला शिकवू नकोस. आज ना उद्या ती वाजवायला मागणार, तिचा हात लांब आहे, मी बघितला आहे. तिला बाजा घ्यायची वेळ येईल तेव्हा तिच्याबरोबर तू जाऊ नकोस. मला बोलाव. मी कुठेही असले तरी येईन, खालून स्लाइड मी धरीन, आणि वर अंगठे तिचे तिला ठेवू दे.

निवूची आत्या,
जाई